यंत्राचा निबंध



२०१९ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय नववीस लावला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी अवतरले. गेल्या पावसाळ्यात आमच्या पाचवीतील नातवाने ‘गोदावरीचा पूर’ हा निबंध यंत्राकडून लिहवून घेतला. शुद्धलेखन आमच्याहून सरस! मात्र त्यात दुतोंड्या मारुती नव्हता. त्याच्या कमरेस लागलेले पाणी नातवाने आमचे बोट धरून पाहिले होते. यंत्र इतरांच्या मजकुरावरून पुढला शब्द जुळविते. पाहिलेले त्यास कोठून ठाऊक असणार? नातू म्हणाला, “आजोबा, त्याने लिहिले नाही, म्हणजे ते महत्त्वाचे नसेल.”

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. सकाळी वही घेऊन आम्ही दोघे पुन्हा घाटावर गेलो.