‘लक्ष कुठंय तुझं?’



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आज बोलतोय ते एक बाप म्हणून.

माझा मुलगा सात वर्षांचा असताना एका संध्याकाळी मी त्याला मारलं. पाच ओळींचं शुद्धलेखन दोन तास चाललं होतं, पेन्सिल तिसऱ्यांदा हरवली होती. ‘लक्ष कुठंय तुझं?’ मी ओरडलो. तो रडत म्हणाला, ‘अब्बू, मी आणतो लक्ष, पण ते परत जातं.’ त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारणं सगळ्यांकडे तयार होती. अम्मी म्हणाली, नजर लागली. शेजारी म्हणाले, लाडावलाय. शाळेच्या डायरीत लिहून आलं, ‘पालकांनी लक्ष द्यावे.’ बायको नोकरी करते, म्हणून सगळ्यात जास्त बोल तिलाच बसले.

शेवटी आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी लगेच औषध लिहिलं नाही, प्रश्न विचारले. त्यातले चार प्रश्न तुम्हीही लक्षात ठेवा.

पहिला, किती दिवसांपासून? घर बदललं, धाकटं भावंड आलं, घरात भांडणं असली तरी मूल बिथरतं. म्हणून निदान सहा महिने सतत दिसतंय का, ते पाहतात.

दुसरा, कुठे कुठे? फक्त गणिताच्या तासाला होत असेल तर आधी तो तास तपासा. घरी, शाळेत, अरबीच्या वर्गात, असं दोन किंवा जास्त ठिकाणी दिसायला हवं.

तिसरा, वयाच्या मानानं? तीन वर्षांचं मूल धावणारच. एकाच वर्गातल्या मुलांतही जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. सर्वांत लहान मूल उगाचच चंचल ठरू शकतं.

चौथा, त्यामुळे अडतंय काय? अभ्यास, मैत्री, की सारखं पडणं-लागणं?

लक्षणं तशी रोजची आहेत. सांगितलेलं अर्ध्यात विसरणं, वस्तू हरवणं, काम अर्धवट सोडणं, रांगेत न थांबणं, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणं. थोडंफार हे सगळ्याच मुलांत असतं. पण अनेक लक्षणं एकत्र असतील, टिकून असतील आणि मुलाचं त्यामुळे अडत असेल, तर तो एडीएचडी असू शकतो. त्याचं निदान रक्ताच्या तपासणीनं किंवा स्कॅननं होत नाही. आधी कान, डोळे, झोप तपासावी लागते. कमी ऐकू येणारं मूलही ‘लक्ष न देणारं’च वाटतं.

‘मोबाइलवर तासभर बसतो, मग लक्ष नाही कसं?’ हे मीही म्हणायचो. गेममध्ये क्षणाक्षणाला बक्षीस मिळतं, शुद्धलेखनात मिळत नाही. मोबाइलवर रमतो म्हणून अडचण नाही, असं होत नाही.

आणि मुलींकडे नीट बघा. खिडकीबाहेर बघत शांत बसणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही. वर्षं निघून जातात आणि ती स्वतःला ‘ढ’ समजू लागते.

खर्चाची भीती असेल तर सांगतो. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतल्या मुलांची तपासणी होते. त्याच्या यादीत एडीएचडीही आहे. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. सरकारी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांना शिकवतात, औषधाचा विचार नंतर. मलाही शिकावं लागलं. एका वेळी एकच सूचना, दहा मिनिटं काम मग उठून एक चक्कर, जमलं की लगेच शाबासकी. औषध लागलंच तर तो निर्णय डॉक्टरांचा. त्यात लाज कसली?

मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. पेन्सिली अजून हरवतात, आम्ही डझनानं आणतो. त्या संध्याकाळबद्दल मी त्याची माफी मागितली आहे.

तुमच्यातले बरेच जण अजून आईबाप झालेले नाहीत. पण मामू, चाचा, खाला आहात, शिकवण्या घेता. घरात कोणी एखाद्या पोराला ‘वांड’ म्हणालं, तर हात उगारला जाण्याआधी हे चार प्रश्न विचारा. माझ्या घरात ते कोणी विचारले नव्हते.