पिशवी घराबाहेर पडते, पण जाते कोठे?



आज एका हलक्या वस्तूविषयी दोन शब्द बोलायचे आहेत. पोलादपूरच्या बाजारात आपण पावशेर मिरच्या घेता. दुकानदार त्या पातळ पिशवीत घालून देतो. घरी आल्यावर मिरच्या टोपलीत जातात, अन् पिशवी? ती परसात, परसातून पऱ्यात.

आता पऱ्या कोठे जातो, ते आपणांस मी सांगायला नको. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून महाडला येते. तेथे तिला गांधारी मिळते, आणि पुढे ती बाणकोटच्या खाडीने समुद्राला जाते. आपली पिशवीही त्याच वाटेने निघते. काही वाटेत झुडपांना अडकतात. पूर ओसरल्यावर नदीकाठी पाहा, फांद्याफांद्यांवर त्यांच्या चिंध्या लोंबत असतात.

बाणकोटाशेजारीच वेळासचा किनारा आहे. तेथे समुद्री कासवे अंडी घालतात. २००२ सालापासून ती अंडी जपण्याचे काम तेथे चालू झाले, आणि गावकऱ्यांनी ते आपले मानले. पाण्यात तरंगणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते व ते ती गिळते. म्हणजे डोंगरातल्या घराने टाकलेली पिशवी खाडीमुखाशी एखाद्या जिवाच्या पोटात जाऊ शकते. पण एवढ्या लांब कशाला? उकिरड्यावर चरणारी आपली गाय शिळ्या भाताच्या वासाने पिशवीच गिळते. ती पचत नाही, पोटात साठते, आणि जनावर रवंथ सोडून बसते.

२२ जुलै २०२१ रोजी महाड बुडाले, ते कोण विसरेल? तो पूर पिशव्यांनी आणला, असे मी म्हणणार नाही. डोंगरात अतोनात पाऊस कोसळला, आणि अशा वेळी खाडीला भरती असली की नदीचे पाणी लवकर उतरत नाही. त्यावर आपला इलाज नाही. पण गटाराच्या तोंडाशी बसलेला पिशव्यांचा बोळा आपणच घातलेला असतो. तो काढणे तरी आपल्या हाती आहे ना?

कोणी म्हणेल, "आम्ही पिशवी टाकत नाही, चुलीत घालतो. पावसाळ्यात ओली लाकडे पेटायला बरी पडते." माऊली, तो धूर विषारी असतो. चुलीपुढे आपण बसता, मांडीवर लेकरू असते. त्यापेक्षा मे महिन्यातच नारळाची सोडणे, करवंट्या आणि काटक्या पडवीत कोरड्या ठेवा.

२०१८ साली राज्य सरकारने अशा पिशव्यांवर आणि थर्माकोलच्या ताटांवर बंदी घातली. परंतु कायदा बाजारापर्यंत येतो. टोपलीपर्यंत आपणच यायला हवे. जुन्या लुगड्याची पिशवी शिवा. नवी कापडी पिशवी विकत घेऊन चार दिवसांत टाकली, तर त्यातही फायदा नाही. कापूस पिकवायलाही पाणी लागतेच. एकच पिशवी वर्षानुवर्षे वापरा. मासळीला डबा न्या. लग्नकार्यात पानाची पत्रावळ किंवा केळीचे पान मांडा; जेवण झाले की ते खताच्या खड्ड्यात जाईल आणि शेताला लागेल.

गुरुजींना एक विनंती. जूनमध्ये शाळेच्या आवारात मुलांकडून एक हात खोल खड्डा खणवून घ्या. त्यात झाडाचे पान, कागद, सुती चिंधी आणि पिशवीचा तुकडा पुरा. जागेवर खूण ठेवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांनाच तो उकरू द्या. काय उरले, ते फळ्यावर मुलांनी लिहावे. पुस्तकातला धडा विसरेल, हा विसरणार नाही. आणि मूल तो घरी आईला सांगेल.

तेव्हा मंडळी, पुढच्या बाजाराला निघताना खुंटीवरची पिशवी आठवणीने घ्या. बरे, येतो. राम राम.