विक्रीची अफवा आणि कारागिराचा हक्क

(पारगाव, ता. आंबेगाव येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



बाजारात अफवेला किती किंमत असते हे जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला सांगावयास नको. परराज्यातील माल येतो आहे, निर्यात थांबणार आहे, अशी कुजबुज नारायणगावच्या टोमॅटो बाजारात सकाळी उठली की दुपारपर्यंत क्रेटचा भाव उतरलेला असतो. ती खरी की खोटी हे ठरण्यापूर्वीच माल विकला जातो, कारण टोमॅटो थांबत नाही आणि सोसायटीचा हप्ताही थांबत नाही. ज्याच्याजवळ पैसा आणि सवड आहे त्याला अफवेत संधी दिसते. ज्याच्याजवळ दोन्ही नाहीत त्याने ती फक्त सोसावयाची असते.

हीच गोष्ट आज एका अगदी नव्या धंद्यात घडते आहे, आणि तो धंदा पारगावपासून वाटतो तितका दूर नाही. संगणकावर आणि मोबाइलवर खेळावयाचे व्हिडिओ गेम तयार करण्याचा हा धंदा. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथे संगणकशास्त्र शिकणारी मुले याच पंचक्रोशीतील शेतकऱ्यांची, कारखान्यातील कामगारांची आहेत. त्यांतील काही उद्या पुण्यात अशा धंद्यात कामाला लागतील. तेव्हा हा विषय शहरी चैनीचा म्हणून सोडून देणे कार्यकर्त्यांना परवडणारे नाही.

एक गैरसमज प्रथमच दूर केला पाहिजे. येथे पैसे लावून खेळावयाच्या रमीचा विचार चाललेला नाही. तो जुगार आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने त्यावर बंदी आली आहे. येथे विचार आहे तो चित्रकार, संगीतकार, कथालेखक आणि संगणकतज्ज्ञ यांनी वर्षानुवर्षे खपून उभ्या केलेल्या कलाकृतीचा. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहानशा संस्थेने 'राजी' नावाचा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय पुराणकथांवर बेतलेल्या या खेळाचे जगभर कौतुक झाले. त्यामागे मोठ्या भांडवलदाराचे पाठबळ नव्हते. लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही काही माणसांनी चिकाटीने हे काम पुरे केले.

स्वतंत्र म्हणजे किती स्वतंत्र?

अशा लहान संस्थेला 'स्वतंत्र' म्हणण्याची पद्धत आहे. पण या स्वातंत्र्याचा हिशेब मांडून पाहावा. खेळ तयार होण्यास तीन-चार वर्षे लागतात आणि तोपर्यंत उत्पन्न शून्य असते. मग एखादा प्रकाशक आगाऊ रक्कम देतो. खेळ विकला जाऊ लागला की पुष्कळ करारांत आधी ती रक्कम वळती होते आणि मग उरलेल्यातून कारागिरांचा वाटा निघतो. ऊसतोड कामगाराच्या उचलीचा व्यवहार ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना हा करार निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. उचल फिटेपर्यंत माणूस मुकादमाचा असतो.

शिवाय बाजाराचे आवारही दुसऱ्याचेच. मोबाइलवरील खेळ गूगल आणि ॲपल या दोन कंपन्यांच्या दुकानांतूनच मुख्यतः विकला जातो. तेथील वर्तणावळ साधारणतः ३० टक्के. लहान विक्रेत्यांना २०२१ पासून ती १५ टक्क्यांवर आली. एवढी अडत कोणत्या बाजार समितीत शेतकऱ्याने मुकाट्याने सोसली असती? अशा स्थितीत एखादा खेळ गाजला की बड्या कंपनीचा खरेदीचा निरोप येतो, आणि दमलेल्या संस्थापकाला तो सुटकेसारखा वाटतो. त्याला दोष देण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्याच्या पाठीमागे उभ्या असलेल्या पन्नास-शंभर माणसांचा.

पुण्यावर उडालेली वावडी

पुण्यातील 'युबिसॉफ्ट'च्या शाखेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. ही शाखा आधी 'गेमलॉफ्ट' या फ्रेंच कंपनीची होती. २००८ मध्ये ती 'युबिसॉफ्ट' या दुसऱ्या फ्रेंच कंपनीने घेतली. दोन्ही कंपन्या गियेमो कुटुंबाच्या. पुढे २०१६ मध्ये 'व्हिवेंदी' या बड्या कंपनीने गेमलॉफ्ट त्या कुटुंबाच्या विरोधाला न जुमानता ताब्यात घेतली. युबिसॉफ्टवरही तिचा डोळा होता; तेथून तिने २०१८ मध्ये माघार घेतली. पॅरिसमध्ये भागधारकांची ही कुस्ती चालू असता पुण्यातील कारागीर आपापल्या टेबलाशी काम करीत होते.

मग ४ ऑक्टोबर २०२४ रोजी एक बातमी आली. चीनची 'टेन्सेंट' ही महाकाय कंपनी आणि गियेमो कुटुंब मिळून युबिसॉफ्ट बाजारातून उचलण्याचा विचार करीत आहेत, अशी ही वार्ता ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेने सूत्रांच्या हवाल्याने दिली. त्या एका दिवसात कंपनीच्या शेअरचा भाव ३० टक्क्यांहून अधिक चढला. कंपनीने तीन दिवसांनी जे निवेदन काढले त्यात म्हटले होते की, हितसंबंधितांच्या हिताच्या दृष्टीने सर्व पर्यायांचा नियमितपणे विचार केला जातो आणि योग्य वेळी बाजाराला कळविले जाईल. कार्यकर्त्यांनी हे शब्द नीट ध्यानात घ्यावेत. कळवावयाचे ते बाजाराला. ज्यांच्या हातांनी ते खेळ घडले त्यांचा या निवेदनाच्या पत्त्यावर उल्लेख नव्हता.

अखेर २७ मार्च २०२५ रोजी जाहीर झाले ते निराळेच. युबिसॉफ्टच्या तीन सर्वांत किफायतशीर खेळमालिकांसाठी वेगळी उपकंपनी काढावयाची आणि तिचा सुमारे चतुर्थांश हिस्सा टेन्सेंटने १ अब्ज १६ कोटी युरोंना घ्यावयाचा, असा तो व्यवहार होता. म्हणजे अफवा सर्वस्वी खरी नव्हती, सर्वस्वी खोटीही नव्हती. पण मधल्या सहा महिन्यांत जिथे अशी टांगती तलवार असते तिथे काय होते हे या धंद्यातील सर्वांना ठाऊक आहे. नव्या नेमणुका थांबतात. प्रकाशक सही करण्यास कचरतात. ज्यांना दुसरीकडे जागा मिळते ते हुशार कारागीर आधी निघून जातात, आणि घरकर्जाचा हप्ता ज्यांच्या मानेवर आहे ते अफवा ऐकत बसून राहतात.

पुण्याच्या कारागिरांना मालकीचा अर्थ त्याआधीच कळला होता. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या गाजलेल्या जुन्या खेळाची नवी आवृत्ती तयार करण्याचे काम पुणे आणि मुंबई येथील शाखांकडे आले. सप्टेंबर २०२० मध्ये त्याची घोषणा झाली. भारतातील कारागिरांनी एवढ्या मोठ्या नावाचा खेळ स्वतःच्या जबाबदारीवर घडवावा, ही अपूर्व गोष्ट होती. पहिल्या दर्शनावर टीका झाली, तारखा पुढे गेल्या, आणि मे २०२२ मध्ये ते काम काढून कॅनडातील मॉन्ट्रियल शाखेकडे देण्यात आले. पुढे जानेवारी २०२६ मध्ये तो खेळच रद्द झाला. कामात उणिवा असतीलही. पण त्या सुधारण्यास किती वेळ आणि किती साधने द्यावयाची, हा निर्णय पुण्यात व्हावयाचा नव्हता.

विक्रीनंतर

विक्री म्हणजे सदैव सर्वनाशच, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. स्वीडनमधील 'मोजांग' ही संस्था मायक्रोसॉफ्ट घेणार अशी बातमी सप्टेंबर २०१४ मध्ये फुटली आणि आठवड्याच्या आत ती खरी ठरली. किंमत होती अडीच अब्ज डॉलर. तिन्ही संस्थापक निघून गेले. मात्र 'माइनक्राफ्ट' हा तिचा खेळ वाढतच राहिला. आता दुसरी बाजू पाहावी. याच मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये 'ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड' ही कंपनी ६८.७ अब्ज डॉलरना घेण्याचा व्यवहार पुरा केला आणि जानेवारी २०२४ मध्ये आपल्या खेळविभागातील १,९०० माणसांना कमी केले. मे २०२४ मध्ये तिने जपानमधील 'टँगो गेमवर्क्स' ही संस्था बंद करण्याचे जाहीर केले. या संस्थेचा खेळ पडला होता काय? वर्षभरापूर्वीच आलेल्या 'हाय-फाय रश' या तिच्या खेळाला पारितोषिके मिळाली होती.

ती टँगो संस्था ऑगस्ट २०२४ मध्ये दक्षिण कोरियाच्या 'क्राफ्टन' कंपनीने पुन्हा उभी केली. त्याच क्राफ्टनने २०२५ मध्ये 'रिअल क्रिकेट' हा खेळ करणाऱ्या आपल्याकडील 'नॉटिलस मोबाइल' या संस्थेचे नियंत्रण सुमारे ११८ कोटी रुपयांना घेतले. म्हणजे एक मालक बुडवितो, दुसरा तारतो. कारागिराच्या हाती केवळ नशीब. चांगला मालक मिळावा म्हणून देवाला कौल लावणे हे कामगारांचे धोरण होऊ शकत नाही.

कायदा कोणाच्या बाजूने?

अफवेविरुद्ध कायदा नाही असे नव्हे. 'सेबी'च्या नियमानुसार जून २०२४ पासून देशातील १०० सर्वांत मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना आणि डिसेंबर २०२४ पासून २५० कंपन्यांना एक बंधन आले आहे. प्रसारमाध्यमांत कंपनीविषयी अफवा आली आणि तिने भाव लक्षणीय हलला, तर कंपनीने २४ तासांत ती खरी, खोटी की अर्धवट ते सांगितले पाहिजे. नियम उत्तम आहे. तो भाग विकत घेणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे. ज्याने काल दहा शेअर घेतले त्याला २४ तासांत सत्य कळण्याचा हक्क, आणि ज्याने दहा वर्षे तेथे काम केले त्याला मात्र वर्तमानपत्र वाचण्याचा!

कामगारासाठी काय आहे? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात उद्योगाचे हस्तांतर झाल्यास कामगाराला नोटीस आणि भरपाई देण्याची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आणि तीत ती तरतूद पुढे चालू आहे. पण जेव्हा कारखाना तोच राहतो आणि फक्त त्याचे शेअर विकले जातात, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने मालक बदलतच नाही! आणि आजच्या मोठ्या खरेद्या बहुधा अशाच होतात. उलट फ्रान्समध्ये ५० वा अधिक कामगार असलेल्या कंपनीत कामगारांनी निवडलेली समिती असते, आणि कंपनीच्या रचनेत मोठा फेरबदल करण्यापूर्वी तिला माहिती देणे व तिचे मत घेणे बंधनकारक असते. ते मत मालकाने मानलेच पाहिजे असे नाही. पण ते घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. एकाच युबिसॉफ्टचे दोन कामगार. पॅरिसच्या कामगाराला विचारावे लागते आणि पुण्याच्या कामगाराला विचारावे लागत नाही.

यावर एक आक्षेप येतो. भांडवल ज्याने घातले, जोखीम ज्याने घेतली, त्याने आपली वस्तू विकावी. इतरांचा संबंध काय? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. परंतु या धंद्यात वस्तू म्हणजे काय? यंत्रे नाहीत, जमीन नाही, गोदाम नाही. काही संगणक आणि भाड्याची जागा. खरेदीदार कोट्यवधी रुपये देतो ते माणसांच्या हातातील कसबासाठी आणि त्यांनी घडविलेल्या कृतीसाठी. मग ज्यांचे कसब विकले जात आहे, त्यांना विक्रीची वार्ता सर्वांत शेवटी कळावी, हे कोणत्या न्यायात बसते?

दुसरा मार्ग

दुसरा मार्ग स्वप्नातला नाही. फ्रान्समध्ये बोर्दो शहरात 'मोशन ट्विन' ही खेळ तयार करणारी संस्था २००१ पासून कामगारांच्या सहकारी मालकीची आहे. तेथे सर्वांना सारखे वेतन देण्याची रीत पडली, आणि तिच्या 'डेड सेल्स' या खेळाने जगात नाव मिळविले. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्याच 'झेनिमॅक्स' शाखेतील कामगारांची संघटना जानेवारी २०२३ मध्ये मान्य झाली. आपल्या मुंबईत कुर्ल्याचा 'कमानी ट्यूब्स' हा बंद पडलेला कारखाना १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने कामगारांच्या सहकारी संस्थेने चालवावयास घेतला होता. तो पुढे अडचणीत आला हे खरे. पण मालकाने सोडलेला उद्योग कामगार पुन्हा सुरू करू शकतात हे त्याने दाखवून दिले.

आणि सहकार म्हणजे काय हे पारगावात सांगावे काय? भीमाशंकर सहकारी साखर कारखाना याच भूमीत, दत्तात्रयनगरला उभा आहे. सहकाराचे दोषही या जिल्ह्याने पाहिले आहेत. महाराष्ट्रात सभासदांच्या घामातून उभे राहिलेले कितीतरी कारखाने कर्जात बुडून लिलावात खासगी मालकांकडे गेले, आणि तेव्हाही सभासदाच्या कानावर प्रथम आली ती अफवाच. याचा अर्थ एवढाच की सहकाराची पाटी पुरेशी नाही. हिशेब उघडे हवेत आणि सभासद जागा हवा.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. उद्योगाच्या विक्रीची बोलणी ठराविक टप्प्यावर आली की कामगारांच्या प्रतिनिधींना ती कळविण्याचे बंधन कायद्याने घालावे. शेअर विकून होणारी खरेदीही मालकबदल म्हणून धरावी. विक्रीनंतर निदान दोन वर्षे नोकरीची आणि वेतनाची हमी असावी. कारागिरांची सहकारी संस्था पुढे येत असेल तर तिला खरेदीचा पहिला हक्क मिळावा, आणि त्यासाठी सहकारी बँकांनी हात सैल करावा.

या मागण्या वातानुकूलित कचेऱ्यांत बसणाऱ्या तरुणांच्या आहेत, त्यांच्याशी शेतमजुरांच्या आणि ऊसतोड कामगारांच्या चळवळीचे काय नाते, असे कोणी म्हणेल. नाते उचलीचे आहे, अडतीचे आहे आणि अफवेचे आहे. अवसरीच्या वसतिगृहात आज जो मुलगा संगणकापुढे बसला आहे, त्याच्या बापाने टोमॅटोचा भाव पडताना पाहिला आहे. उद्या त्याच्या कंपनीच्या विक्रीची वावडी उठेल तेव्हा संघटनेचा अर्थ त्याला ठाऊक असावा. त्याच्यापर्यंत जाऊन तो सांगणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे, आणि ते त्याची नोकरी लागण्यापूर्वीच सुरू झाले पाहिजे.