घास बाळाच्या हाती

बाळाने काय खावे, किती औंस खावे आणि किती वाजता खावे, हे अमेरिकेत 1920च्या दशकात डॉक्टर कागदावर लिहून देत. बाळे मात्र तोंड फिरवत. क्लारा डेव्हिस या डॉक्टरबाईंनी तेव्हा उलटा प्रश्न विचारला: निवड बाळावरच सोडली तर?

नुकतेच दूध सुटलेल्या बाळांवर त्यांनी हा प्रयोग सुरू केला. 1928 साली पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि 1939 पर्यंत मुलांची संख्या 15 झाली. यादीत तीसहून अधिक पदार्थ होते: मांस, कलेजी, मासे, अंडी, दूध, फळे, भाज्या, धान्ये. परिचारिका चमचा घेऊन बसे, पण बाळाने वाटीकडे हात नेल्याशिवाय किंवा बोट दाखवल्याशिवाय तिने हलायचे नाही. शाबासकी नाही, आग्रह नाही, रागावणेही नाही. बाळाने हाताने खाल्ले तरी चालत असे. कोणी नाश्त्याला कलेजी आणि संत्र्याचा रस घेतला, तर कोणी रात्री अंडी, केळी आणि दूध. दोन मुलांचा आहार एकसारखा नव्हता, तरी सगळी धडधाकट वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळापुढे कॉडलिव्हर तेलाचा पेला ठेवला होता. हाडे सुधारेपर्यंत ते बाळ अधूनमधून तेल पीत राहिले, नंतर त्याने ते सोडून दिले.

ही गोष्ट सांगणारे पुष्कळ जण इथेच थांबतात आणि बाळाला सारे उपजत कळते असा अर्थ काढतात. डेव्हिसबाईंनी स्वतः तसे म्हटलेले नाही. खरी मेख पदार्थांच्या यादीत आहे, हे त्यांनी स्पष्ट नोंदवले. यादीत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हते, आणि ती मोठ्या माणसांनी ठरवली होती. निकस पदार्थ ठेवून दुसरा प्रयोग करण्याची त्यांची इच्छा होती, पण महामंदीत पैसा आटला. पानात काय वाढायचे ते मोठ्यांनी ठरवावे आणि किती खायचे ते बाळाने, ही वाटणी त्या प्रयोगातून हाती लागते.

बाळाने स्वतःच्या हाताने खाण्याच्या आजच्या पद्धतीला ब्रिटनमधल्या आरोग्य परिचारिका गिल रॅप्ली यांनी नाव आणि आकार दिला. ट्रेसी मर्केट यांच्यासह त्यांचे पुस्तक 2008 साली आले. पूर्वी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वरचे अन्न सुरू होई. तेव्हा बाळाला बसता येत नाही, जीभ घास बाहेर ढकलते, म्हणून सारे वाटून भरवावे लागे. 2001 साली जागतिक आरोग्य संघटनेने पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे असे सांगितले. सहा महिन्यांचे बाळ आधाराने बसते, मान सावरते, दिसेल ते तोंडात घालते. मग सगळे मिक्सरमधून काढायचे कशाला, हा रॅप्ली यांचा मुद्दा रास्त आहे.

घास अडकण्याच्या भीतीचे काय? न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 206 कुटुंबांबरोबर याचा अभ्यास झाला. दर जेवणात लोहयुक्त पदार्थ, एक भरपूर ऊर्जेचा पदार्थ आणि घशात अडकेल असे काही नाही, या तीन अटी हाताने खाणाऱ्या गटातल्या पालकांना शिकवल्या होत्या. सहा ते आठ महिन्यांच्या काळात सुमारे 35 टक्के बाळांचा घास निदान एकदा अडकला, पण चमच्याने खाणारी आणि हाताने खाणारी यांच्यात फरक आढळला नाही. वजनातही नाही. धोक्याचे पदार्थ मात्र दोन्ही गटांतल्या घरांत दिले जात होते, आणि काळजी करायची ती याची.

आपल्या स्वयंपाकघरात ते पदार्थ म्हणजे अख्खे शेंगदाणे, चणे, द्राक्षे, कच्चे गाजर, खोबऱ्याचे तुकडे. उबळ येऊन बाळ खोकले, आवाज करत असले तर त्याला ते निस्तरू द्यावे. आवाजच बंद झाला, तर त्याला हातावर पालथे धरून, डोके खाली ठेवून, खांद्याच्या पात्यांमध्ये पाच थापा द्याव्यात आणि मदत बोलवावी. न दिसणारा घास बोटाने काढायला जाऊ नये, तो आत सरकतो.

उष्टावणाची खीर मामाने भरवावी, खुशाल भरवावी, फक्त मध एक वर्षापर्यंत नको. त्यानंतर वरणाच्या पाण्यावर आणि पेजेवर आठवडे काढणे हे खरे नुकसान. बाळ सुरुवातीला पूर्ण मुठीने पकडते, म्हणून तुकडा मुठीबाहेर डोकावेल इतका लांब हवा: वाफवलेला लाल भोपळा, रताळे, मुगाचे मऊ धिरडे, अंड्याच्या पोळीची पट्टी. काटे काढलेला मासा, लिंबू पिळलेले घट्ट वरण, कुस्करलेली उसळ यांतून लोह मिळते. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातले लोह पुरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळपास 69 टक्के बालके रक्तक्षयी आढळली. त्याच फेरीत देशातल्या 6 ते 23 महिन्यांच्या जेमतेम 11 टक्के बाळांना पुरेसा आहार मिळत होता.

त्यामुळे चमचा वर्ज्य करण्याचा हट्ट इथे परवडणारा नाही. पातळसर खिचडी आजीने भरवावी आणि शेजारी धिरड्याची पट्टी बाळाच्या हाती द्यावी. बाळाने तोंड फिरवले की भरवणाऱ्याने थांबावे. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाच्या अंगात लोहाचा साठा मुळातच थोडा असतो, त्याला लोहाचे थेंब कधी आणि किती द्यायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.