सवागीची लाही आणि आमची भट्टी

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत कुंभारकाम गटाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण)



मागच्या बैठकीत बऱ्याच जणींनी विचारलं, "तुमची झिलईची पहिली भट्टी वाया गेली म्हणे, खरं का?" खरं आहे. लपवून काय उपयोग? कर्ज गटाचं होतं, तेव्हा हिशेबही सगळ्यांसमोरच द्यायला पाहिजे.

आम्ही ६० कप झिलई देऊन भट्टीत लावले होते. दुसऱ्या दिवशी दार उघडलं, तर कपांवर जागोजागी उघडी माती दिसत होती आणि झिलई फळ्यांवर पडून चिकटलेली. विकण्याजोगे कप निघाले १४. एका वहिनींच्या तर डोळ्यांत पाणीच आलं. आधी वाटलं, आपल्याच हातात कसब नाही. पण चूक वेगळी होती. ती समजायला आजीचं औषध कामी आलं.

सवागी, म्हणजे टाकणखार, तव्यावर टाकून आजी लाही करायची, आठवतं ना? खडा तापला की खदखदतो आणि फुगून पांढरा, हलका होतो. का बरं? टाकणखाराच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणीच असतं, खड्यात बांधलेलं. ते वाफ होऊन बाहेर पडतं. तीच लाही आणखी तापवली तर साधारण ७४० अंशांवर वितळते आणि तिची काच होते. सोनार डाग देताना सवागी वापरतो तो तिच्या या वितळण्याच्या गुणामुळेच.

या टाकणखारात बोरॉन असतो. झिलई म्हणजे भांड्यावर वितळलेली पातळ काच. काच वाळूची होते, पण नुसती वाळू वितळायला १७०० अंश लागतात. एवढी आच आपली भट्टी कुठून देणार? बोरॉन घातला की झिलई १००० ते १०५० अंशांवरही वितळते. प्रमाण बरोबर असेल तर थंड होताना ती कमी आकसते, म्हणून बारीक तडेही कमी पडतात.

मग आमचं कुठे चुकलं? स्वस्त मिळाली म्हणून आम्ही कोलेमनाइट नावाच्या दगडाची पूड आणली. तिच्यातही बोरॉन असतो आणि बांधलेलं पाणीही. पण ४०० अंशांच्या आसपास ते पाणी एकदम सुटतं आणि दाणे फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडतात. तेव्हा झिलई वितळलेली नसते, नुसती सुकी पूड असते. ती भांड्यावरून उडून जाते. त्यात आम्ही आच घाईने वाढवली.

मग सरळ टाकणखारच कालवून पाहिला. पण तो पाण्यात विरघळतो. पाण्याबरोबर भांड्यात मुरतो आणि सुकताना काठाकडे येतो. काठ चकचकीत, पोट कोरडं! थंडीत तर बादलीच्या तळाशी खडे धरले.

उपाय निघाला फ्रिटचा. कारखान्यात बोरॉनची खनिजं वाळूबरोबर आधीच वितळवतात, तो रस पाण्यात ओततात आणि झालेली काच दळतात. लाही फुगणं, तडतडणं सगळं तिथेच होऊन जातं. बोरॉन काचेत पक्का बसतो. किलोमागे फ्रिट महाग पडतं, पण वाया गेलेल्या भट्टीपेक्षा स्वस्तच. आम्ही ८५ भाग फ्रिटला १५ भाग चिनी माती घेतो, म्हणजे झिलई भांड्याला धरून राहते.

एकाने सल्ला दिला होता, "शिशाची झिलई घ्या, लगेच वितळते, चकाकतेही." आम्ही नाही म्हटलं. नीट न भाजलेल्या झिलईतलं शिसं लोणचं, ताक, चिंच असल्या आंबट पदार्थांत उतरतं आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. आपल्या कपातून कुणाचं तरी लेकरू दूध पिणार आहे. म्हणून फ्रिट घेतानाही 'शिसे नसलेलं' असं पावतीवर लिहून घ्या.

आता आमचे नियम ऐका. आधी तीन नमुना तुकडे भट्टीत वर, मधे आणि खाली ठेवून भाजायचे, मगच माल लावायचा. ६०० अंशांपर्यंत आच सावकाश. भांड्याचा तळ कोरा ठेवायचा, कारण जास्त तापली तर बोरॉनची झिलई वाहते. पूड कालवताना तोंडाला मास्क लावायचा, स्वयंपाकाची भांडी वापरायची नाहीत आणि मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही.

दुसऱ्या भट्टीत ६० पैकी ५३ कप चांगले निघाले. या महिन्याचा हप्ता आम्ही त्यातूनच भरला. पहिल्या भट्टीतला एक खराब कप मुद्दाम शेडमध्ये ठेवलाय. नवीन ताई कामाला आली की आधी तो तिच्या हातात देतो, मग तव्यावर सवागी टाकून दाखवतो. तुमच्यापैकी कुणाला शिकायचं असेल तर जरूर या.