पिस्तुलावरचे नाव आणि पिस्तूल घडवणारे हात

(बेंगळुरू येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांपुढे केलेले भाषण)



रेल्वे-टपालाच्या सभेत पिस्तुलांचे काय काम, असे काहींना वाटेल. पण पिस्तूलही कारखान्यातच होते, आणि कारखाना म्हटला की कामगार आलाच.

फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने मुठीत मावणारे, एका गोळीचे पिस्तूल काढले. १८६५ साली तसल्याच पिस्तुलाने अब्राहम लिंकन यांचा खून झाला. पुढे नकला निघाल्या आणि खिशातल्या छोट्या पिस्तुलाचे नावच डेरिंजर पडले. दुसऱ्या टोकाला सॅम्युअल कोल्टचे १८४७ चे रिव्हॉल्व्हर. वजन दोन किलोच्या घरात, कॅलिबर .४४, म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर गोळीच्या नळीचा व्यास त्यातले चव्वेचाळीस. ही नावे जगाला पाठ आहेत. लेथवर नळी कातणाऱ्याचे नाव कुठेच नाही.

याच कोल्ट कंपनीच्या हार्टफर्ड येथील कामगारांनी जानेवारी १९८६ मध्ये संप केला. कंपनीने बाहेरची माणसे भरून कारखाना चालवला. संपकरी चार वर्षे हटले नाहीत. मधल्या काळात, १९८८ साली, अमेरिकन सैन्याचे रायफलींचे कंत्राट कोल्टच्या हातून निसटून बेल्जियमच्या एफएन कंपनीकडे गेले. अखेर १९९० मध्ये मालक बदलला. नव्या मालकीत सरकारी पेन्शन फंड होता आणि कामगारांचाही वाटा होता. संपकरी कामावर परतले, थकलेल्या पगारापोटी पैसेही मिळाले. मात्र १९९२ मध्येच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आज ती एका झेक उद्योगसमूहाकडे आहे. भागीदारी मिळाली म्हणजे सगळे मिळाले असे नव्हे, हे लक्षात ठेवा.

एफएन कंपनीतही लढा झाला होता. १९६६ साली तिथल्या मशीनवरच्या तीन हजारांवर बायकांनी समान कामाला समान दाम मागितले. सुमारे बारा आठवडे कारखाना अडवला. तासाला पाच फ्रँक वाढ मागितली, पावणेतीन मिळाली. आपल्या इच्छापूर रायफल फॅक्टरीत झालेले ९ मिमी पिस्तूल मूळ याच कंपनीच्या ब्राउनिंग घाटाचे.

२०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' हे .३२ चे अर्धा किलोचे रिव्हॉल्व्हर आणले. किंमत सव्वा लाखाच्या आसपास! रात्रपाळीच्या आपल्या भगिनींना स्टेशनबाहेर दिवा आणि सोबत हवी, ती मागणी मात्र पडूनच राहते.

कोणी म्हणेल, हत्यारांच्या कारखान्याची बाजू कशाला घेता? कामगारांचे नेते कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर २०१५ मध्ये कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या. २०१७ मध्ये याच शहरात गौरी लंकेश यांच्यावर. त्यांच्या खुनातले पिस्तूल ७.६५ मिमीचे, देशी बनावटीचे, असे तपासात निघाले. तसल्या पिस्तुलावर ना कारखान्याचे नाव, ना खरा क्रमांक. सरकारी कारखान्यातल्या प्रत्येक नगाला क्रमांक असतो, तपासनीस असतो. हत्यार होणारच असेल तर ते हिशेबात व्हावे, असे माझे मत आहे.

तो हिशेब ठेवणाऱ्यांचे काय झाले? २०२१ मध्ये आयुध कारखान्यांच्या संघटनांनी बेमुदत संपाची हाक दिली. सरकारने आधी अध्यादेश, मग कायदा करून संप केल्यास एक वर्षापर्यंत कैद ठेवली. कायदा एका वर्षापुरताच होता, पण तेवढ्यात काम उरकले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. कामगारांना दोन वर्षांच्या प्रतिनियुक्तीवर धरले. ती मुदत पुढे वाढवावी लागली. १९७४ चा संप पाहिलेल्या रेल्वेवाल्यांना यातले काहीच नवे वाटणार नाही.

खासगी कारखानेही आले आहेत. इथे बेंगळुरूत एसएसएस डिफेन्स रायफली बनवते. अशा नव्या कारखान्यांतल्या पोरांपर्यंत युनियन पोहोचली पाहिजे.

खडकी आणि वरणगावचे आयुध कारखाने आपल्याच लाईनवर आहेत. भुसावळच्या शाखेला वरणगाव काही लांब नाही. पुणे आणि भुसावळच्या शाखांनी तिथल्या युनियनला बोलावून संयुक्त सभा घ्यावी, आणि त्यांची केंद्र सरकारी नोकरी व पेन्शन कायम राहावी असा ठराव फेडरेशनकडे पाठवावा. त्या ठरावावर टपालवाल्यांच्याही सह्या हव्यात.