सहा कुठे ठेवू?

पत्ते म्हटलं की आपल्या घरांत आधी जुगार आठवतो. म्हणून जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर 0 ते 9 लिहा. प्रत्येकाला दोन घरं आखून द्या : दशक, एकक. पत्ते पालथे मांडा. एकेक उचलायचा, लगेच घरात ठेवायचा, नंतर हलवायचा नाही. मोठी संख्या जिंकते.

माझी भाची 'एकोणतीस' ऐकून 39 लिहायची. तीस ऐकू येतं ना! उर्दूतलं 'उनतीस'ही तसंच फसवतं. घोकून काही सुटलं नाही. खेळताना तिला 6 आला. आणखी मोठा येईल म्हणून तिने तो एककात ठेवला. मग आला 2.

"मामू, उलटं ठेवलं असतं तर 62!"

आता ती शतकाचं घर मागते.